'अपात्र' ठरलेल्या झोपडीधारकाचे पुढे काय?

प्रश्न : आम्ही मुंबईच्या उपनगरात महापालिकेच्या जमिनीवरील झोपडपट्टीत राहतो. माझ्या पतीने 2006 साली स्टॅम्प पेपरवर ही झोपडी विकत घेतली. आधीच्या मालकाचा फोटोपास (झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र) आणि 1995 च्या मतदारयादीतील नाव आमच्याकडे झेरॉक्स स्वरूपात आहे. पती वारले, वीजबिल अजून त्यांच्याच नावावर आहे. आता झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजना आली असून यादीत माझ्या झोपडीपुढे 'अपात्र' असा शेरा आहे. वरच्या माळ्यावर धाकटे दीर कुटुंबासह राहतात, त्यांचे तर नावच नाही. झोपडी रिकामी करण्याची नोटीस आली आहे. महापालिका आम्हाला घर देण्यास बांधील आहे की नाही? माहुलसारख्या ठिकाणी पाठवले तर नाकारता येते का? विकासकाचा माणूस सहीसाठी मागे लागला आहे, ती करावी का?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणार नाही, तरीही ते आधीच सांगितलेले बरे. 'मला राहायला जागा नाही, म्हणून महापालिकेने मला घर द्यावे' असा सरसकट आणि न्यायालयात वसूल करता येण्याजोगा हक्क आपल्या कायद्यात नाही. पदपथावरील रहिवाशांच्या गाजलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 1985 मध्ये उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. मात्र त्याच निकालात पदपथ किंवा सार्वजनिक जागा व्यापून राहण्याचा हक्क कोणालाही नाही, असेही स्पष्ट केले. त्यानंतर अहमदाबाद महापालिकेच्या नवाब खान प्रकरणात, दुर्बल घटकांसाठी निवाऱ्याच्या योजना आखणे हे शासनाचे आणि स्थानिक संस्थांचे कर्तव्य असल्याचे न्यायालयाने सांगितले, पण अतिक्रमणाला हक्काचे रूप दिले नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही झोपडपट्टी सुधारणा आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन हे विषय नगरपालिकांकडे सोपवण्याजोगे म्हणून नोंदले आहेत. म्हणजे कर्तव्य आहे, परंतु ते योजनेच्या वाटेने पार पाडायचे आहे. आपला हक्क त्या योजनेच्या अटींमध्ये आहे आणि आपल्याला लढायचे आहे ते त्या अटींवर.

आता आपल्या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियम, 1971 नुसार 1 जानेवारी 2000 रोजी किंवा त्यापूर्वी अस्तित्वात असलेल्या निवासी झोपडीत प्रत्यक्ष राहणारी व्यक्ती संरक्षित भोगवटादार ठरते आणि पुनर्वसनाशिवाय तिला हटवता येत नाही. येथे झोपडी त्या दिनांकापूर्वीची असावी लागते. आज राहणाऱ्या माणसाने ती त्या दिनांकापूर्वीच घेतलेली असावी, अशी अट नाही. आपल्या यादीत नेमकी हीच गल्लत झालेली दिसते. आपला ताबा 2006 चा आहे एवढे पाहून सक्षम प्राधिकाऱ्याने शेरा मारला असावा. वास्तविक आधीच्या मालकाचा फोटोपास आणि 1995 ची मतदारयादी हा झोपडीच्या जुनेपणाचा पुरावा आहे, तर 2006 चा कागद आणि त्यानंतरची वीजबिले हा आपल्या वास्तव्याचा. या दोन पुराव्यांमधली साखळी अखंड दाखवता आली, तर हस्तांतरण शुल्क भरून पात्रता मिळवण्याचा मार्ग शासनाच्या धोरणात आहे. स्टॅम्प पेपरवरच्या करारनाम्याने जमिनीची मालकी अर्थातच मिळत नाही, परंतु ताबा कोणाकडून कोणाकडे आणि केव्हा गेला हे दाखवण्यासाठी तो कागद मोलाचा आहे. मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नये.

कच्चे दुवे दोन आहेत. पहिला, झेरॉक्स. 1995 च्या मतदारयादीचा प्रमाणित उतारा निवडणूक नोंदणी कार्यालयातून मिळवावा आणि फोटोपास ज्या कार्यालयाने दिला तेथील नोंदवहीची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागवावी. त्या फोटोपासवरील झोपडी क्रमांक आणि आजच्या सर्वेक्षणातील क्रमांक बहुधा जुळणार नाहीत, कारण प्रत्येक सर्वेक्षणात क्रमांक बदलत आले आहेत; म्हणून शेजारच्या दोन-तीन जुन्या, पात्र ठरलेल्या रहिवाशांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. दुसरा दुवा वारसनोंदीचा. पतीचा मृत्यू दाखला, मुलांची नावे आणि सज्ञान मुलांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे घेऊन आपले नाव लावण्याचा अर्ज अपिलाबरोबरच द्यावा. हे आधी करून मग अपील करू, असा विचार करू नये. मुदत थांबत नसते.

ज्याला वस्तीत सगळे 'अनेक्श्चर टू' म्हणतात, ते परिशिष्ट-दोन, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांची यादी, महापालिकेच्या जमिनीवर महापालिकेचाच सक्षम प्राधिकारी तयार करतो. त्यातील अपात्रतेच्या निर्णयाविरुद्ध अपर जिल्हाधिकारी (अतिक्रमण/निष्कासन) यांच्याकडे अपील होते, त्यापुढे तक्रार निवारण समिती आणि अखेरीस उच्च न्यायालयात रिट याचिका. अपिलाची मुदत साधारणपणे निर्णयाच्या दिनांकापासून तीस दिवसांची धरावी. ती उलटून गेली असल्यास विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज, पतीच्या आजारपणासारखी खरी कारणे देऊन, जोडावा. दिवाणी न्यायालयात दावा लावून मनाई हुकूम मिळवू, असे कोणी सुचवले तर त्या नादी लागू नये, कारण या अधिनियमाच्या कलम 42 ने दिवाणी न्यायालयाचा मार्ग बंद केला आहे. त्या दाव्यात महिने जातात आणि इकडे झोपडी पाडली जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

अपिलात दोन मागण्या असाव्यात. मुख्य मागणी, वर सांगितल्याप्रमाणे, झोपडी 2000 पूर्वीची असल्याने मोफत घरासाठी पात्र ठरवण्याची. पर्यायी मागणी अशी की, तो पुरावा कोणत्याही कारणाने अपुरा ठरल्यास निदान सशुल्क पुनर्वसनासाठी पात्र ठरवावे. 1 जानेवारी 2000 नंतरच्या आणि 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या झोपडीधारकांना शुल्क आकारून घर देण्याची तरतूद कायद्यात करण्यात आली आणि मे 2023 मध्ये शासनाने ती किंमत अडीच लाख रुपये ठरवली. आपला 2006 पासूनचा ताबा या कप्प्यात निर्विवाद बसतो. सशुल्क घर त्याच योजनेत उपलब्ध असेल तर तेथे, नसेल तर अन्यत्र मिळते. म्हणून मुख्य मागणी सोडून या मागणीवर समाधान मानू नये, पण ती लिहायला विसरूही नये. पर्यायी मागणी न लिहिल्यामुळे हातचे घर गेलेली प्रकरणे दुर्मीळ नाहीत.

येथे योजनेचे अर्थकारण समजून घेतल्यास आपल्याला एक मुद्दा हाती लागेल. झोपु योजनेत महापालिका स्वतःच्या तिजोरीतून घरे बांधत नाही. ती जमीन देते, विकासकाला जादा चटईक्षेत्र, म्हणजे अधिक बांधकामाची मुभा, मिळते आणि विक्रीच्या इमारतीच्या नफ्यातून 300 चौरस फुटांची मोफत घरे उभी राहतात. यामुळे पात्रांची यादी जितकी लहान, तितका खर्च कमी. परंतु 2034 पर्यंतच्या विकास आराखड्यासाठीच्या विकास नियंत्रण नियमावलीत पुनर्वसनाच्या भूखंडावर दर हेक्टरी किमान 650 सदनिकांची घनता राखण्याची अट आहे आणि पात्र रहिवासी कमी असतील तर उरलेल्या सदनिका प्रकल्पबाधितांसाठी झोपु प्राधिकरणाच्या ताब्यात द्याव्या लागतात. परवडणाऱ्या घरांचा सार्वजनिक साठा मुंबईत बऱ्याच अंशी असाच तयार झाला आहे. तेव्हा आपल्या योजनेला मंजुरी देणारे प्राधिकरणाचे आशयपत्र, म्हणजे एलओआय, मिळवून त्यात अशा जादा सदनिका किती दाखवल्या आहेत ते पाहावे आणि पर्यायी मागणीत त्या आकड्याचा उल्लेख करावा. 'घरच शिल्लक नाही' हे उत्तर मग सहजी देता येणार नाही.

नोटिशीबद्दल. ती कोणत्या कलमाखाली आहे हे आपण कळवलेले नाही, आणि सगळा फरक तेथे पडतो. अधिनियमाच्या कलम 33 व 38 खालील असल्यास प्रथम लेखी उत्तर देऊन सुनावणी मागावी. तिच्यावर आदेश झाल्यास शिखर तक्रार निवारण समितीकडे जाता येते. उत्तरात पात्रतेचे अपील प्रलंबित असल्याचे नमूद करावे आणि अपिलाच्या निकालापर्यंत एक सदनिका राखून ठेवण्याची अंतरिम मागणी करावी. संपूर्ण योजना अडवून धरण्याची मागणी मात्र टाळावी. शेकडो कुटुंबांचे पुनर्वसन एका अपिलासाठी थांबवायला प्राधिकरण तयार होत नाही आणि न्यायालयही क्वचितच होते. घरे पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा 13 नोव्हेंबर 2024 चा आदेश वस्तीत सर्वांच्या मोबाइलवर फिरतो आहे. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदीपात्र अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना तो लागू नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबून बसू नये. आपला आधार 1971 चा अधिनियम आहे. शिवाय राज्य शासनाच्या धोरणानुसार पावसाळ्यात, 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात, राहत्या झोपड्या पाडता येत नाहीत.

दिरांची बाजू अधिक अवघड आहे. सर्वसाधारण झोपु योजनेत वरच्या माळ्यावरील रहिवाशाला स्वतंत्र घर नाही. धारावीत मात्र 15 नोव्हेंबर 2022 पर्यंतच्या वरच्या मजल्यावरील रहिवाशांना धारावीबाहेर भाडे-खरेदी तत्त्वावर घर देण्याचे धोरण आहे. एकाच शहरात, सारख्याच माळ्यावर राहणाऱ्या दोन कुटुंबांना वस्ती पाहून वेगळा न्याय मिळावा, हे माझ्या मते समर्थनीय नाही. तरीही केवळ समानतेचा मुद्दा घेऊन दिरांनी एकट्याने उच्च न्यायालयात जावे, असा सल्ला मी देणार नाही. त्यांनी म्हाडाच्या सोडतीसाठी अत्यल्प उत्पन्न गटात नोंदणी करावी. मुंबई महानगर प्रदेशात या गटाची वार्षिक मर्यादा सहा लाख रुपये आहे. ठाणे, नवी मुंबई, कल्याण या बाजूला मोठ्या खासगी प्रकल्पांतून राखून ठेवाव्या लागणाऱ्या 20 टक्के घरांची सोडत म्हाडाचे कोकण मंडळ काढते, तेथे किंमत तुलनेने आवाक्यातली असते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या 2024 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या परवडणाऱ्या घरांचाही घटक आहे. कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसणे ही त्याची अट. 2025 च्या राज्य गृहनिर्माण धोरणात 2030 पर्यंत 35 लाख घरांचे उद्दिष्ट आहे, पण उद्दिष्टाच्या आधारे न्यायालयात घर मागता येत नाही.

अगदीच छप्पर गेले तर काय, हेही सांगणे भाग आहे. नागरी बेघरांसाठीच्या योजनेत दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी एक निवारा, वर्षभर चोवीस तास, असा निकष आहे. 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या धरली तरी बृहन्मुंबईत त्याप्रमाणे सुमारे 124 निवारे हवेत. प्रत्यक्षात ते बरेच कमी आहेत. कुटुंबासाठीची जागा तर त्याहून दुर्मीळ.

माहुलबाबत आपली भीती निराधार नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या विस्थापितांना तेथे जाण्याची सक्ती करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये तेथील प्रदूषणाच्या पार्श्वभूमीवर ठरवले आणि पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा 15,000 रुपये भाडे व 45,000 रुपये अनामत देण्यास सांगितले. म्हणजे जागा निवडण्याचा अधिकार आपला नाही, परंतु राहण्यास अयोग्य जागा कारणे देऊन नाकारता येते. 'लांब पडते' एवढेच कारण सहसा पुरत नाही. मुलांची शाळा, आजारपण, हवेची स्थिती यांचे कागद लागतात.

राहिला सहीचा प्रश्न. योजनेसाठी 51 टक्के झोपडीधारकांची सहमती लागते आणि सही केल्याने पात्रता मिळत नाही, न केल्याने जात नाही. कोऱ्या कागदावर किंवा 'मला पुनर्वसन नको' अशा अर्थाचे वाक्य असलेल्या कागदावर सही करू नये. सहमतीपत्र पूर्ण वाचून, 'पात्रतेच्या अपिलास बाधा न येता' असे हाताने लिहून मगच करावी. पात्र ठरल्यावर संक्रमण शिबिरातील जागा किंवा दोन वर्षांचे आगाऊ भाडे आणि तिसऱ्या वर्षाचे पुढील तारखांचे धनादेश मिळाल्याखेरीज झोपडीची किल्ली देऊ नये. पैसे घेऊन 'पात्र करून देतो' म्हणणाऱ्यांकडून जुन्या तारखेचा एकही कागद घेऊ नये, कारण बनावट पुरावा आढळला तर आपला खरा पुरावाही संशयास्पद ठरतो आणि फौजदारी गुन्हा वेगळा. वकिलाच्या खर्चाची चिंता असल्यास, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 या क्रमांकावर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात, नोटीस आणि परिशिष्टाची प्रत घेऊन, याच आठवड्यात संपर्क साधावा.