किडनीची धमनी बंद ठेवतात तेव्हा

वडिलांच्या किडनीतली चार सेंटीमीटरची गाठ तेवढीच काढणार आहेत आणि त्यासाठी धमनी वीसेक मिनिटं बंद ठेवणार आहेत. त्यात किडनीला धोका किती, आणि ती वाचवायला एखादं इंजेक्शन असतं का, असं तुम्ही विचारलंय. मी भूलतज्ज्ञ आहे, हे रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

खात्रीचं इंजेक्शन नाही. मॅनिटॉल हे लघवी वाढवणारं औषध वर्षानुवर्षं दिलं जायचं, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेमक्या याच शस्त्रक्रियेत, त्याचा उपयोग दिसला नाही. कमी मात्रेतल्या डोपामिनचीही अतिदक्षता विभागातल्या ३२८ रुग्णांवरच्या चाचणीत २००० सालीच तीच गत झाली. त्यानं लघवी वाढते, किडनी वाचत नाही.

किडनी वाचते ती वेळ पाळल्यानं आणि गारव्यानं. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांना मिळतो, तरी त्यांच्या आतल्या गाभ्याला प्राणवायू एरवीही जेमतेमच पोचतो. पुरवठा तुटला की पहिला फटका तिथल्या, लघवी तयार करणाऱ्या बारीक नलिकांना. म्हणून धमनीला क्लॅम्प (ती बंद ठेवणारा चिमटा) लागला की सिस्टर घड्याळ लावतात आणि मोठ्यानं सांगत राहतात, "पाच झाली... दहा झाली..." तेवढ्यात सर्जन गाठ कापून आतले टाके घेतात. वीस-पंचवीस मिनिटांपर्यंत निरोगी किडनी सहसा सावरते. जास्त वेळ लागणार असेल, तर पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत किडनीभोवती निर्जंतुक बर्फाचा चुरा भरतात आणि ती पुरती गार व्हायला दहाएक मिनिटं देतात. मग तिला बराच जास्त वेळ सोसतो. मात्र नुसत्या मिनिटांवर अडू नका. गाठीभोवतीचा चांगला भाग किती राखला, हे माझ्या मते तितकंच मोलाचं.

रक्तदाब पडू न देणं हे आमचं काम. सलाईनमध्ये हात आखडणंही बरं नाही: २०१८ च्याच एका मोठ्या चाचणीत, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर, कमी सलाईन दिलेल्यांपैकी ८.६ टक्के जणांच्या किडनीला इजा झाली, सढळ दिलेल्यांत ५ टक्के.

वडील गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेत असतील तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. घरचे हे हमखास विसरतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी बीपीची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशी घ्यायची की नाही ते विचारा, परस्पर बंद करू नका. आणि दुसरी किडनी कितपत काम करते हे सर्जनना आत्ताच विचारून घ्या. ती चांगली असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन (ज्यावरून किडनीचं काम जोखतात) नॉर्मल दिसतं आणि शस्त्रक्रिया झालेल्या किडनीचं नुकसान त्यात झाकलं जातं.