राजीनाम्याआधी कराराचं चौथं कलम

प्रश्न: बारा वर्षं एका कंपनीच्या डिझाइन विभागात आहे. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आता एका प्रकाशकाने माझ्याच लेखनाची आणि चित्रांची तीन पुस्तकांची मालिका मागितली आहे. एक तर सगळे हक्क देऊन एकरकमी मानधन, नाहीतर त्याच्या निम्म्याहून कमी आगाऊ रक्कम आणि ८% रॉयल्टी. एकरकमी पैसे घेऊन नोकरी सोडावी, भाड्याने स्टुडिओ घ्यावा असं मनात आहे. वर्षभर पुरेल एवढी शिल्लक आहे. घरात कमावणारी मी एकटी, आई माझ्यासोबत असते. सोडू का?

उत्तर:

तुमच्या घराचा एका महिन्याचा खर्च मी १ धरला आहे आणि सगळे आकडे त्याच मापात मांडतो. चित्रकार-लेखकांशी बोलताना हे माप बरं पडतं. मोठ्या रकमेने डोळे दिपतात, महिन्यांनी दिपत नाहीत.

या मापाने तुमचा पगार महिन्याला १.६. एकरकमी मानधन ९. आगाऊ रक्कम ४. शिल्लक तुम्ही १२ लिहिली आहे.

आधी ही शिल्लक. त्या १२ मध्ये अडीच महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम अजून तुमच्याकडे आलेलीच नाही. तीन बिलं थकली आहेत, त्यातलं एक आठ महिन्यांपूर्वीचं. येणं म्हणजे जमा नव्हे. आणखी २ आईच्या आजारपणासाठी वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही. उरले साडेसात.

आता मानधन. तुम्ही कामाच्या वहीचा फोटो पाठवलात, त्याबद्दल आभार. एका जोडपानाला, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांना, कच्च्या रेखाटनापासून शेवटच्या रंगापर्यंत सरासरी चार दिवस लागतात, असं त्यावरून दिसतं. एका ओळीपुढे तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, ‘हत्तीचं पाऊल चौथ्यांदा’. ती नोंद मला बाकीच्या सगळ्या कागदांपेक्षा कामाची वाटली, कारण मानधन ठरवताना ही चौथी वेळ कुणीच मोजत नाही. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे. नावाची आणि श्रेयाची पानं सोडली तर साधारण १४ जोडपानं. चौदा चोक छप्पन्न दिवस. तीन पुस्तकांचे १६८. दर पुस्तकाला दुरुस्त्यांचे दहा दिवस धरा, म्हणजे जवळजवळ २००. महिन्याला कामाचे २१ दिवस धरले तर साडेनऊ महिने.

म्हणजे नऊ महिन्यांच्या खर्चाएवढं मानधन साडेनऊ महिन्यांच्या पूर्णवेळ कामाचं आहे. महिन्याला ०.९५ पडतात. पगार १.६ आहे. यात कर, सॉफ्टवेअर आणि प्रिंट यांचा खर्च मी अजून वजाही केलेला नाही. नोकरी सोडायला बळ देईल असं जे वाटत होतं, तो मुळात कमी पगाराचाच कामधंदा आहे, आणि तो संपेल तेव्हा पुस्तकं तुमची नसतील.

शिवाय हे ९ एकदम मिळणारच नाहीत. कराराच्या मसुद्यात तीन हप्ते आहेत: सहीनंतर, चित्रं मंजूर झाल्यावर आणि प्रकाशनानंतर. मंजुरी आणि प्रकाशन दोन्ही तुमच्या हातात नाहीत. राजीनाम्याच्या दिवशी हातात ३ असतील.

मग रॉयल्टीच बरी का? तिथेही सोनं लागलंय असं मी म्हणणार नाही. पहिली आवृत्ती दर पुस्तकाला ३,००० प्रतींची. प्रकाशकाने सांगितलेल्या किमतीने तिन्हींच्या मिळून ९,००० प्रती खपल्या, तर रॉयल्टी होते ५.४. त्यातले ४ आगाऊ मिळालेलेच, म्हणजे नवे हाती येतात १.४. नऊची बरोबरी करायची तर दर पुस्तकाच्या ५,००० प्रती जायला हव्यात. रोख पैशांच्या हिशेबात पहिली काही वर्षं एकरकमीच पुढे दिसेल, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

पण ८% कशावर, हे मसुद्यात स्पष्ट नाही. तुम्ही छापील किंमत धरून चालला आहात. ती टक्केवारी प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर असेल आणि विक्रेत्याला ५०% सूट जात असेल, तर वर धरलेली रॉयल्टी निम्मी होते आणि बरोबरीसाठी ५,००० ऐवजी १०,००० प्रती लागतात. दुसरा प्रश्न, आगाऊ रक्कम तिन्ही पुस्तकांच्या विक्रीतून एकत्र वळती होणार की पुस्तकागणिक? एकत्र असेल तर एक पुस्तक धावलं तरी त्याची कमाई पडून राहिलेल्या दोघांचं आगाऊ फेडण्यात जाईल. दोन्ही उत्तरं लेखी मागा.

आता मसुद्यातलं चौथं कलम, म्हणजे प्रकाशकाला जाणारे हक्क. सगळ्या भाषा, सगळी माध्यमं, त्यातली पात्रं, कायमची. तुमचा तो हत्ती उद्या ऑडिओत, अॅनिमेशनमध्ये, दप्तरावर दिसला तरी तुम्हाला विचारायचं कारण उरणार नाही. साहित्य-कलेच्या हक्कांसाठीच्या १८८६ च्या बर्न करारानुसार सदस्य देशांत कॉपीराइट किमान कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ५० वर्षं टिकतो. अनेक देशांत त्याहूनही जास्त. त्यासाठी नोंदणी लागत नाही, काम साकारलं की हक्क तुमचा. एवढ्या लांब मुदतीची वस्तू तुम्ही नऊ महिन्यांच्या खर्चात देऊन टाकणार आहात.

म्हणून माझं मत रॉयल्टीच्या बाजूने, पण कलम छाटून. छापील पुस्तक, एक भाषा, सात वर्षं. पात्रं तुमची. पुस्तक ठरावीक काळ बाजारात उपलब्ध नसेल तर हक्क परत. प्रकाशक एकरकमीवरच अडला आणि त्याला सगळंच हवं असेल, तर १५ च्या खाली बोलणीच करू नका. १५ मध्ये फक्त तुमचे दोनशे दिवस आजच्या पगाराच्या भावाने भरून निघतात, हक्कांची किंमत त्याच्या वर. सही करण्याआधी कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला एकदा मसुदा दाखवा. ती फी खर्चात धरा.

नोकरी मात्र आत्ता सोडू नका. गेल्या वर्षी बाहेरच्या कामातून तुम्हाला १२ मिळाले, त्यातले ७ याच प्रकाशकाकडून. याला स्वतंत्र व्यवसाय म्हणत नाहीत, हा मालक बदलणं झालं, आणि नव्या मालकाकडे रजाही नाही.

सोडण्याआधी कंपनीला एक गोष्ट विचारून पाहा. आठवड्याला तीन दिवस काम मिळेल का? पगार त्याच प्रमाणात कमी झाला तर ०.९६ राहतो, म्हणजे घरखर्च जवळपास भागतो. मोकळे दोन दिवस आणि सुट्टीतला एक, असे महिन्याला तेराएक दिवस पुस्तकांना मिळतील. दोनशे दिवसांचं काम मग पंधरा-सोळा महिन्यांत होईल. प्रकाशकाकडे अठरा महिने मागा, पुस्तकं एकेक करून देण्याच्या अटीवर. आगाऊ हप्ते वरखर्चाला लावू नका, गंगाजळीत टाका. नोकरीच्या करारात ‘कर्मचाऱ्याने तयार केलेलं सारं कंपनीचं’ अशा अर्थाचं वाक्य आहे का, हेही बघा. असेल तर घरी काढलेल्या चित्रांसाठी लेखी सूट घ्या, नाहीतर प्रकाशकाला द्यायला तुमच्याकडे हक्कच नसेल.

अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार १८३४ मध्ये टपाल खात्यात लागला आणि १८६७ मध्ये बाहेर पडला. कादंबऱ्या तो पहाटे लिहायचा. साठीपर्यंत थांबला असता तर जेवढं निवृत्तिवेतन मिळालं असतं, तेवढं उत्पन्न देणारी रक्कम जमल्यावरच नोकरी सोडायची, हे त्याने बायकोशी बोलून आधीच ठरवलं होतं. तुम्हाला तेहेतीस वर्षं थांबा असं सांगत नाही. पण आकडा आधी ठरवून ठेवा. तुमच्यासाठी मी तो असा धरतो: थकबाकी आणि आईचे २ सोडून शिल्लक १२, आणि सलग दोन वर्षं बाहेरची मिळकत वर्षाला १८ च्या वर, कुणा एकाचा वाटा ४०% हून कमी.

स्टुडिओचं भाडं तूर्त नाही.

त्या आठ महिन्यांपूर्वीच्या बिलाचं स्मरणपत्र मात्र आजच पाठवा, तारीख आणि रक्कम पुन्हा लिहून. पुढचं काम हे बिल चुकतं झाल्यावरच सुरू करेन, हेही त्यात घाला.