स्वतः काढलेले फोटो कापडावर छापून कुर्ते शिवायचे आहेत. डिझाइन कसं करावं?

आधी कुर्ता बेता, फोटोचं नंतर बघा.

तुम्ही लिहिलंय की घाटातल्या पावसाळी फोटोंचं कॉटन छापून घेऊन सरळ शिंप्याकडे द्यायचा विचार आहे. तसं केलंत तर धबधबा नेमका मुंढ्यात (बाही जोडतात त्या गोलाईत) कापला जाणार. त्यात शिंप्याचा काही दोष नाही, कमीत कमी कापडात बसवायचं हीच त्याची विद्या.

तुमच्या मापाचा कुर्ता कागदावर काढून घ्या : पुढा, पाठ, बाह्या, शिलाईच्या मार्जिनसकट. हे तुकडे स्कॅन करून संगणकावर घ्या आणि फोटो एकेका तुकड्यात बसवा. मेरी कात्रान्झू या लंडनच्या डिझायनरने 2011 च्या उन्हाळी कलेक्शनमध्ये सजवलेल्या खोल्यांची चित्रं कपड्यांवर छापली, काही स्कर्टना तर चक्क लॅम्पशेडचा आकार दिला. असलं काम तयार छापील तागा कापून होत नाही. चित्र त्या तुकड्यासाठीच मांडावं लागतं.

खरी कसोटी कडेच्या शिवणीवर. डोंगराची रेघ पुढ्यावरून पाठीवर सलग जायला हवी. बाजूला टक्स (फिटिंगसाठी आत दुमडून शिवलेली चूण) असेल तर त्याच्या वरचा भाग मुंढ्यापासून खाली मोजा आणि खालचा भाग घेरापासून वर मोजा. टक्स शिवल्यावर पुढ्याची कड आखूड होते, म्हणून सगळं वरूनच मोजत आलात तर कमरेपाशी डोंगर तुटतो. फोटो मार्जिनच्याही बाहेर अर्धा इंच वाढवा, नाहीतर कात्री जरा सरकली की पांढरी कड दिसते.

आकाराचं गणित सोपं आहे. 24 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 6000 × 4000 पिक्सेलचा असतो. कापडाला 150 डीपीआय, म्हणजे इंचाला 150 पिक्सेल, पुरतात, त्या हिशेबाने छपाई 40 × 27 इंचांची होते. लांब कुर्त्याच्या पुढ्याला उभा फोटो जेमतेम होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो मात्र विसरा.

निवडताना मी दृश्यापेक्षा पोत बघते. जांभ्याच्या भिंतीवरचं शेवाळ, गंजलेला पत्रा, ओल्या कातळावरचे डाग. हे चुण्यांमध्ये मोडलं तरी बिघडत नाही, माणसाचा चेहरा बिघडतो. फोटोचा एकच चौकोन पुन्हापुन्हा छापणार असाल तर दोन चौकोनांमधला जोड दिसतो; फोटोशॉपच्या ऑफसेट फिल्टरने तो सांधा मधे आणून पुसता येतो. पण त्याआधी उजेड सगळीकडे सारखा करा. कोपऱ्यातली एक चकाकी दर बारा इंचांनी डोळा मारत बसली की सगळी हौस फिटते.

शाई कापडावर ठरते. कॉटन-रेयॉनला रिअ‍ॅक्टिव्ह, रेशमाला अ‍ॅसिड, पॉलिएस्टरला सब्लिमेशन. सब्लिमेशनमध्ये आधी कागदावर छापतात आणि साधारण 200 अंश सेल्सिअसच्या उष्णतेने रंग कापडात उतरवतात. शुद्ध कॉटनवर तो टिकत नाही. सुरतेहून कोणी फार स्वस्त दर सांगितला तर आधी कापड कुठलं, पॉलिएस्टर तर नाही ना, ते विचारा. रिअ‍ॅक्टिव्हला छपाईआधी कापडावर लेप, नंतर वाफ आणि धुलाई लागते, म्हणून तो महाग पडतो. कुर्त्यासाठी मी तरी तोच घेईन.

ओढणीचा विचार वेगळा करा. शाई वरून पडते, त्यामुळे जरा जाड कापडाची उलटी बाजू फिकी राहते आणि ओढणीची ती बाजू सतत दिसते. मलमल किंवा जॉर्जेट घ्या.

स्क्रीनवरचा गच्च काळा कॉटनवर राखाडीकडे झुकतो. म्हणून पूर्ण मीटरेज छापायच्या आधी एक मीटर नमुना मागवा. त्यात एकच फोटो तीन उजळपणांत शेजारीशेजारी छापा, बाजूला 10 इंचांचा एक रिकामा चौकोनही ठेवा. नमुना घरच्यासारखाच धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि रंग दिवसाच्या उजेडात बघा. मग चौकोन उभा-आडवा मोजा. ज्या बाजूने आटला असेल त्या बाजूने फाइल तेवढ्या प्रमाणात वाढवा आणि मगच ऑर्डर द्या.