हँग ग्लायडिंगमध्ये भावाचा मृत्यू : फॉर्मवरील सहीमुळे दाद मागण्याचा हक्क जातो का?

प्रश्न : पायलटसोबतच्या हँग ग्लायडिंग उड्डाणात माझा भाऊ उंचावरून पडून मरण पावला. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे. ‘जोखीम मान्य आहे’ अशा फॉर्मवर त्याने सही केली होती, म्हणून आमची जबाबदारी नाही, असे आयोजक सांगतात. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्यावर कोसळलेल्या दुःखाची मला जाणीव आहे, तरीही एका गोष्टीला विलंब लावू नका, असे कळकळीने सांगतो. हार्नेस (प्रवाशाच्या अंगावर बांधला जाणारा पट्ट्यांचा साज), त्याच्या पायपट्ट्या, तो ग्लायडरला जोडणारा कॅराबिनर (धातूची कडी) आणि उड्डाणाचे चित्रण करणारा कॅमेरा या वस्तू पंचनामा करून जप्त झाल्या आहेत का, हे आजच पोलीस ठाण्यात विचारा. त्या आयोजकाकडेच राहिल्या असतील, तर जप्तीची लेखी मागणी करून पोच घ्या. कॅनडात 2012 साली अशाच उड्डाणात हार्नेस ग्लायडरला न जोडल्यामुळे एक प्रवासी तरुणी पडून मरण पावली, तेव्हा पायलटने कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड गिळून टाकले होते. पुढे त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला कारावास झाला. आपल्याकडे पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

आता सहीविषयी. आपल्या भावाने वाऱ्याची, उंचीची, खेळात अंगभूत असलेली जोखीम पत्करली होती. पायलटच्या हलगर्जीपणाला संमती दिली नव्हती. उड्डाणापूर्वी प्रवाशाला ग्लायडरखाली प्रत्यक्ष लटकवून जोडणी तपासायची असते, तिला ‘हँग चेक’ म्हणतात. ती झाली होती का, आणि ती होताना कोणी पाहिली, या प्रश्नावर माझ्या मते सारे प्रकरण उभे राहील. ती झालीच नसेल, तर त्याच न्याय संहितेच्या कलम 106(1) खाली निष्काळजीपणे मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवण्याची मागणी करा. त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि खासगी फॉर्मने हे फौजदारी दायित्व पुसले जात नाही. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे ती पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा आणि तरीही काही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अकस्मात मृत्यूची नोंद ही चौकशीची सुरुवात असते. तेवढ्यावर प्रकरण मिटले असे कोणी म्हटले, तर ते मान्य करू नका.

भरपाईच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. 1855 च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखालील दावा पती किंवा पत्नी, आई-वडील आणि मुले यांच्याच हितासाठी असतो. भावंडांचा त्यात समावेश नाही. म्हणून आपले आई-वडील हयात असल्यास, किंवा भावाची पत्नी अथवा मुले असल्यास, त्यांना पुढे यावे लागेल. या दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे आणि ती टळली तर विलंब माफ करून घेता येत नाही. उड्डाणाचे पैसे भरले असल्यामुळे कायदेशीर वारसांना ग्राहक आयोगाकडेही जाता येते. तेथेही मुदत दोनच वर्षांची आहे, पण सबळ कारण दाखवल्यास आयोग विलंब क्षमापित करू शकतो. त्यासाठी पैसे भरल्याची पावती, बुकिंगचे संदेश आणि सही केलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवा, आणि पंचनामा व शवविच्छेदन अहवालाच्या प्रमाणित प्रतींसाठी लगेच अर्ज करा.