मुलांना एकोप्याची लोककथा तोंडी कशी सांगावी?

सम्मोदमान जातकातली (जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांची कथा) लावे पक्षी आणि पारध्याची गोष्ट घ्या. पाठ करू नका, टप्पे लक्षात ठेवा: जाळं पडतं, प्रत्येक लावा एकेका भोकात डोकं घालून ते उचलतो, सगळे मिळून काटेरी झुडपावर टाकतात. मग चुकून एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. इथे घाई नको. "जाळं काय तू एकटाच उचलतोस?" हे दोन आवाजांत म्हणा आणि थांबा. "उचला!" म्हटलं की मुलांचे हात वर, भांडण सुरू झालं की खाली. पारधी लावे घेऊन गेला की गप्प बसा; "म्हणून मुलांनो…" जोडलंत की ऐकणं संपतं.

पाली परंपरेप्रमाणे ही कथा चुंबळीवरून झालेल्या भांडणानिमित्त सांगितली गेली. घरात हंड्याखालची चुंबळ असेल तर ती आधी मुलांच्या हातात द्या.