कावासाकीच्या हिरव्या क्वाडखाली सुझुकी का निघते?

विकणारा थाप मारत नाहीये. तुम्ही लिहिलंय की इथे अमेरिकेत तुम्हाला २००४ ची कावासाकी केएफएक्स ४०० ही क्वाड (मोटरसायकलसारखं हँडल असलेली चार चाकी, हिलाच एटीव्हीही म्हणतात) सेकंडहँड मिळतेय आणि मालक म्हणतो, ‘ही मुळात सुझुकीच आहे, पार्ट्स तिचे घातले तरी चालतील.’ हे खरं का, आणि एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या असं का करतील, असे तुमचे दोन प्रश्न.

खरं आहे. ती सुझुकीची क्वाडस्पोर्ट झेड ४०० आहे. तेच ३९८ सीसीचं लिक्विड-कूल्ड सिंगल सिलिंडर इंजिन, जे सुझुकीने आपल्याच डीआर-झेड ४०० डर्टबाइकवरून घेतलं होतं. पिवळं प्लास्टिक असलं की सुझुकी, हिरवं असलं की कावासाकी. त्यातही एक तिसरी बहीण आहे, आर्क्टिक कॅटची डीव्हीएक्स ४००. आर्क्टिक कॅट ही अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातली, स्नोमोबिल म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या करणारी कंपनी. तिच्या स्नोमोबिलमध्ये सुझुकीची इंजिनं कित्येक वर्षं बसत होती, त्यामुळे त्यांची घसट जुनीच.

मी काही वर्षं इथल्या एका डीलरकडे पार्ट्सच्या काउंटरवर होतो. आमच्याकडे दोन्ही ब्रँड होते, आणि ही भानगड लक्षात यायला गाडी उघडायची गरजच पडत नसे. पार्ट नंबर बघितला की कळायचं. कावासाकीच्या कॅटलॉगमध्ये केएफएक्स ४०० चे नंबर काढलेत तर डॅशनंतर एक ‘एस’ घुसलेला दिसेल. तो एस म्हणजे सुझुकीचा माल. उलट सुझुकीच्या कॅटलॉगमध्ये २००४ च्या आरएम-झेड २५० या रेसच्या बाइकचे नंबर बघा, बरेचसे ‘के’ने सुरू होतात. हा माल कावासाकीचा. जाहिरातीत एकमेकांचं नाव घ्यायचं नाही आणि गोदामात मात्र एकमेकांचे डबे, असा सगळा मामला.

आता का, ते सांगतो. ऑगस्ट २००१ मध्ये दोघांनी रीतसर भागीदारी जाहीर केली. समोर होंडा आणि यामाहा हे दोन धटिंगण. त्यांच्याकडे लहान मुलांच्या बाइकपासून शेतावरच्या मोठ्या एटीव्हीपर्यंत सगळी रांग तयार. या दोघांच्या रांगेत भोकं होती, पण ती वेगवेगळ्या ठिकाणी. कावासाकीकडे चारशेची स्पोर्ट क्वाड नव्हती, ती सुझुकीने दिली. सुझुकीकडे ६५ सीसीची मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या रेसची बाइक) नव्हती, तर कावासाकीची केएक्स ६५ पिवळी होऊन आरएम ६५ झाली. केएलएक्स ११० ची डीआर-झेड ११० झाली. कावासाकीची व्ही-ट्विन इंजिनवाली एटीव्ही प्रेअरी ७०० सुझुकीच्या दुकानात ट्विन पीक्स ७०० म्हणून लागली. पाहुणे दारात आले आणि साखर संपली असेल, तर शेजारी वाटी घेऊन जातोच की आपण. इथे दोघांनीही वाट्या पाठवल्या.

रस्त्यावरच्या बाइकमध्येही हे झालं. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम १००० काही बाजारांत कावासाकी केएलव्ही १००० म्हणून विकली गेली. आपल्याकडे मारुतीची बलेनो आणि तीच टोयोटाची ग्लान्झा बघणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

पण मला यातलं सर्वांत मजेदार प्रकरण वाटतं ते अडीचशेच्या मोटोक्रॉसचं. यामाहाने २००१ ची वायझेड २५० एफ आणली आणि १२५ सीसी टू-स्ट्रोकच्या वर्गात फोर-स्ट्रोकने धुमाकूळ घातला. रेसच्या नियमात १२५ टू-स्ट्रोकसमोर २५० फोर-स्ट्रोक चालत होती, त्यामुळे टू-स्ट्रोकवाल्यांचं कंबरडंच मोडलं. सुझुकी आणि कावासाकी दोघंही हात चोळत बसले होते. एकट्याने शून्यापासून इंजिन करायचं तर वेळही जातो आणि पैसाही. म्हणून दोघांनी मिळून बाइक केली आणि २००४ ला तीच केएक्स २५० एफ आणि आरएम-झेड २५० या दोन नावांनी आली. म्हणजे रविवारी रेसच्या गेटवर शेजारीशेजारी उभे राहणारे हिरवे आणि पिवळे रायडर एकाच गाडीवर! चाहत्यांना ते रुचणार कसं?

कंपन्यांनाही ते फार दिवस रुचलं नाही. २००६ ला कावासाकीने आपल्या केएक्सला अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम दिली, सुझुकीकडे मात्र जुनी स्टीलचीच राहिली. २००७ ला सुझुकीने स्वतःची वेगळी आरएम-झेड २५० काढली. आणि साडेचारशेत तर दोघांनी वाटणी केलीच नाही. आरएम-झेड ४५० सुझुकीने २००५ ला आपली आणली, केएक्स ४५० एफ कावासाकीने २००६ ला आपली. क्वाडमध्येही तेच. सुझुकीने एलटी-आर ४५० काढली, कावासाकीने केएफएक्स ४५० आर. माझ्या मते ही भागीदारी म्हणजे वेळ विकत घेणं होतं. स्वतःची गाडी तयार होईपर्यंत डीलरचं दुकान रिकामं राहू नये, एवढंच. ती झाली तशी वाटणी आपोआप विरली. मोठं भांडण वगैरे झाल्याचं दिसत नाही.

तुम्ही शेवटी केटीएम आणि हस्कवर्नाचं उदाहरण दिलंय. ते यात बसत नाही. हस्कवर्ना २०१३ पासून केटीएमवाल्यांच्याच घरात आहे, आधी ती बीएमडब्ल्यूकडे होती. बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून केटीएमची ड्यूक आणि हस्कवर्नाची स्वार्टपिलेन दोन्ही निघतात, ते एकाच मालकाचे दोन ब्रँड. तिथे स्पर्धक कोणीच नाही.

तर तुमची क्वाड. घ्यायला हरकत नाही, मात्र इंजिन थंड असताना चालू करून डाव्या बाजूला कान द्या. या इंजिनात कॅम चेनचा ऑटोमॅटिक टेन्शनर (इंजिनातली साखळी ताणून धरणारा पार्ट) हा नाजूक भाग, खडखड ऐकू आली तर बहुतेक लोक मॅन्युअल टेन्शनर बसवून मोकळे होतात. भाव करताना हे बोलून दाखवा. आणि पार्ट्स मागवताना कावासाकी आणि सुझुकी दोन्हीकडचे दर विचारा. एकच वस्तू एकीकडे स्वस्त निघते, किंवा एकीकडे बंद झालेली दुसरीकडे शिल्लक असते. फक्त २००९ पासूनच्या झेड ४०० चे पार्ट्स डोळे मिटून घेऊ नका, तिला फ्युएल इंजेक्शन आलं, तुमची कार्ब्युरेटरची आहे.