गूसचं गीस, मग मॉन्गूसचं मॉन्गीस का नाही?

नववीतल्या मुलीला इंग्रजीतली अनियमित अनेकवचनं पाठ होत नाहीत आणि 'गूस'चं 'गीस' होतं तर 'मॉन्गूस'चं 'मॉन्गीस' का नाही, असं ती विचारते, हा प्रश्न. शंका रास्त आहे. मॉन्गूस म्हणजे आपलं मुंगूसच. शब्द मराठीतून इंग्रजीत गेला, तोही फार उशिरा, म्हणून त्याला साधा नियम: मॉन्गूसेस. गूस मात्र तिथला जुना रहिवासी.

पुस्तकातली सरसकट यादी बाजूला ठेवा आणि शब्द घराण्यांप्रमाणे लावा.

पहिलं घराणं स्वर बदलणारं. यात मूळ शब्द सातच: मॅन, वुमन, फूट, टूथ, गूस, माउस, लाउस. फार पूर्वी यांच्या अनेकवचनाच्या प्रत्ययात 'इ' होता. तो उच्चारायचा म्हणून जीभ आधीच्या स्वरापासूनच पुढे सरकू लागली आणि तो स्वर बदलला. पुढे प्रत्यय झिजून गेला, बदललेला स्वर तेवढा राहिला. हे घराणं केव्हाच बंद झालंय, नवीन शब्द आत येत नाही. म्हणूनच हाउसचं 'हाइस' करू नका. हाउस जुना असला तरी त्याला हा 'इ' कधी नव्हताच.

शीप, डिअर न बदलणारे. आपण 'एक दगड, दोन दगड' म्हणतो, तसंच. एअरक्राफ्ट, सीरीज, स्पीशीजही बदलत नाहीत. इथे वचन क्रियापदावरून कळतं, त्यामुळे परीक्षेत गुण जातात ते 'इज' आणि 'आर'मध्ये.

नाइफचं नाइव्ह्ज का? जुन्या इंग्रजीत दोन स्वरांमधला 'फ' हा 'व'सारखा उच्चारत. वाइफ, लीफ, वुल्फ, थीफ याच वाटेने गेले. चीफ आणि प्रूफ फ्रेंचमधून नंतर आले, म्हणून चीफ्स, प्रूफ्स. रूफ अस्सल इंग्रजी असूनही रूफ्स. तो पाठच करावा. स्कार्फला दोन्ही रूपं चालतात.

सुशिक्षितांची सगळ्यात जास्त फजिती होते ती ग्रीक-लॅटिन शब्दांत. क्रायटेरिया हे अनेकवचन आहे, एक असेल तर क्रायटेरियन. 'क्रायटेरियाज' हे कुठेच नाही. फिनॉमेनन-फिनॉमेना तसंच. क्रायसिसचं क्रायसीझ, शेवटचा स्वर दीर्घ. बोलताना तो आखूड केला की ऐकणाऱ्याला एकवचन वाटतं. बॅक्टेरियाही अनेकवचनच. डेटा मात्र आता एकवचनी क्रियापदासहही सर्रास चालतो, त्यावरून वाद घालू नये. ऑक्टोपसचं 'ऑक्टोपाय' करणारे स्वतःला पंडित समजतात, पण शब्द मुळात ग्रीक आहे आणि लॅटिनचा तो प्रत्यय त्याला लागत नाही. ऑक्टोपसेस लिहा.

फर्निचर, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, लगेज हे या घराण्यांत नाहीतच. ते मोजताच येत नाहीत, म्हणून 'फर्निचर्स' चूक. मोजायचंच असेल तर आधी 'पीस ऑफ' लावा.

आणि वाचून दाखवताना विमेनकडे लक्ष द्या. स्पेलिंग दुसऱ्या भागात बदलतं, पण उच्चार मुख्यतः पहिल्या भागात बदलतो: एक वुमन, अनेक विमिन. 'वुमेन' म्हटलं की एक बाई की अनेक, ते कळत नाही.